टेबलावरचं बियाणं

भाद्रपद सरत आला तरी पाऊस उघडायचं नाव घेत नव्हता आणि सकुबाईंच्या काकड्या मांडवावरच पिकून पिवळ्या झाल्या होत्या. बियाणं धरायचं ते याच दिवसांत. काकडी चिरायची, बी गरातून सोडवून धुवायचं, चुलीतल्या राखेत चोळायचं आणि खडखडीत वाळवायचं. राख लावलेल्या बियाला कीड लागत नाही, हे सापगावात कुणी कुणाला शिकवत नाही, माहीतच असतं. पण यंदा वाळवायचं कुठं? अंगणात चिखल, ओटीवर ओल, माळ्यावर उंदीर. अशात एका सकाळी केर काढताना सकुबाईंचा हात सुनेच्या कॉम्प्युटरच्या पाठीमागे गेला आणि तिथं त्यांना गरम वारा लागला.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरचा डबा आणि भिंत यांच्या मधल्या जागेत अॅल्युमिनियमचं एक ताट आलं. ताटात राखेत घोळलेल्या बिया.

"बघ गो," सकुबाई म्हणाल्या, "तुजा डबा दिवसभर नुसता घुरघुरतो. आता जरा कामाला लागला."

हर्षाली हसली. न हसून काय करणार? सकाळी ती खुर्चीत बसली की तिच्या लेकीला, बारकीला, न्हाऊ घालण्यापासून निजवण्यापर्यंत सगळं सकुबाईच करायच्या. अशा सासूला ताट उचला म्हणायला जीभ रेटत नाही. काकडीमागून शिराळी आली, शिराळ्यामागून दुधी. दुपारी सकुबाई ताट उचलून कीबोर्डवरून अलगद पुढं आणत, बोटांनी बिया खालीवर करत आणि पुन्हा तसंच मागं सरकवत. हर्षाली रोज सकाळी ओढणीनं टेबल पुसून घ्यायची आणि कामाला लागायची.

ते टेबल म्हणजे घरातली एकच कोरडी, उंच आणि उजेडाची जागा होती, त्यामुळे जे कुठं मावेना ते तिथं यायचं. नवऱ्याचं, ऋतिकचं, हेल्मेट. बारकीचे खडू. मिक्सरचं झाकण नसलेलं भांडं, खोबरेलाची बाटली, देवीच्या अंगाऱ्याची पुडी, विजेची बिलं. आणि शेजाऱ्यांचे फोन. लाइट गेली तरी कॉम्प्युटरखालच्या बॅटरीवर थोडा वेळ वीज असते, हे आळीला कळल्यापासून पलीकडच्या अंबूबाई आपला फोन आणि सुनेचा फोन असे दोन्ही घेऊन यायच्या. फोन लावायच्या आणि चार्ज होईपर्यंत हर्षालीच्या पाठीमागे बसून पडद्याकडे बघायच्या. "काळ्यावर पांढरं," त्या एकदा म्हणाल्या, "आमच्या शाळेतल्या फळ्यासारखं."

हर्षाली माहेरची वैशाखऱ्याची. माळशेजचा घाट सुरू होतो त्याच्या पायथ्याशी बापाची भातशेती होती. कॉलेजला ती एसटीनं मुरबाडला जायची. तिथल्या कॉम्प्युटरच्या खोलीत पंखा नव्हता, म्हणून पोरं थांबायची नाहीत आणि मशीन मोकळं मिळायचं. तिथं ती टायपिंग शिकली आणि हळूहळू टायपिंगच्या पलीकडचंही. मग ठाण्याच्या एका कंपनीत लागली. दुसऱ्यांचे सर्व्हर, म्हणजे दूर कुठंतरी अखंड चालू असलेले मोठे कॉम्प्युटर, नीट चालू ठेवायचे, हे त्या कंपनीचं काम. लग्न झालं, बारकी झाली आणि आता नोकरी सोडावी लागणार असं ती धरून चालली होती. पण तिच्या टीमचे सुदाम सर स्वतः उंबरमाळीचे होते. कसाऱ्याच्या जंगलातून निघून ठाण्यात पोचायला काय काय करावं लागतं हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. त्यांनी वरच्या साहेबांना शब्द दिला, की ही घरून करेल.

तो शब्द आता कसाला लागला होता. कंपनीनं ठरवलं होतं, की ज्यांना एकट्यानं सर्व्हर हाताळता येतो त्यांनीच घरी राहावं, बाकीच्यांनी दिवाळीपासून रोज ठाण्याला यावं. ऋतिक मुरबाडच्या कारखान्यात, त्याच्या पाळ्या आठवड्याला बदलणाऱ्या. सकुबाईंना शेत होतं, गुरं होती. अंधारात घरून निघून अंधारात परत येणं हर्षालीला जमलं असतं, पण घराला जमलं नसतं. दिवाळीपासून ठाण्याला, याचा अर्थ तिच्यापुरता एकच होता: दिवाळीपासून नोकरी नाही. सोमवारी सुदाम सर फोनवर राहून तिचा पडदा बघणार होते आणि ती एका गिऱ्हाइकाच्या चालू सर्व्हरवर स्वतःच्या हातानं बदल करणार होती. तो नीट झाला तर प्रश्न मिटला.

बदल अवघड नव्हता. एका फाइलीतल्या दोन-चार ओळी. अवघड होतं ते त्या ओळी लिहायच्या कशात, हे.

आधी ती रंगीत खिडक्यांच्या एडिटरमध्ये, म्हणजे फाइली उघडून लिहायच्या प्रोग्राममध्ये, लिहायची, माउस फिरवत. पण पावसात फोनची रेंज इतकी बारीक व्हायची, की खिडकी अर्धी उमटून थिजून जायची. सुदाम सर म्हणाले, ते सोड, सरळ टर्मिनलवर काम कर. टर्मिनल म्हणजे तोच काळा पडदा. तिथं चित्रं जात नाहीत, नुसती अक्षरं जातात, आणि अक्षरं कितीही बारीक वाटेनं पोचतात. हे तिला पटलं. पण काळ्या पडद्यावर लिहायचे एडिटरही अनेक. सरांचा स्वतःचा होता व्हिम. टीममधली जुनी माणसं सगळी व्हिमचीच.

व्हिमची एक रीत आहे. त्याच्या दोन अवस्था. एकीत तुम्ही जे दाबाल ते लिहिलं जातं. दुसरीत तीच बटणं हुकूम होतात: ही ओळ पुस, ते जपून ठेव, आता बाहेर पड. लिहिण्यातून हुकमात यायचं तर डाव्या कोपऱ्यातलं एस्केप दाबायचं. एवढंच. आणि तेवढंच हर्षालीला जमेना. ती लिहायची, एस्केप दाबायची, बाहेर पडायचा हुकूम टाइप करायची, तर तो हुकूमच फाइलीत अक्षरं होऊन उमटायचा. पुन्हा दाबायची, पुन्हा अक्षरं. कधी मध्येच जमून जायचं, आणि का जमलं ते कळायचं नाही. शेवटी ती खिडकीच बंद करून टाकायची. पुढच्या खेपेला व्हिम तक्रार करायचा, की मागचं काम अर्धवट राहिलंय.

सरांनी फोनवर शिकवून पाहिलं.

"एस्केप दाब."

"दाबलं, सर."

"नाय दाबलंस. दाबलं असतंस तर बाहेर आली असतीस."

मग एकदा सगळी टीम मीटिंगला असताना ते सहज बोलून गेले, की हर्षाली व्हिममध्ये गेली की तिला बाहेर काढायला माणूस पाठवावा लागतो. सगळे हसले. हर्षालीही हसली. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

तिनं ईमॅक्स नावाचा दुसरा एडिटर पाहिला. त्यात एका वेळी दोन-दोन, तीन-तीन बटणं दाबावी लागत. संध्याकाळपर्यंत करंगळी अशी ठणकू लागली, की भाताच्या आवणीच्या, लावणीच्या दिवसांतही कधी ठणकली नसेल. राहिला नॅनो. तो साधा. पण टीममधली रविना म्हणाली होती, नॅनो काय गं, ती तर लहान पोरांची मागं दोन चाकं लावलेली सायकल. हर्षालीच्या ते मनात बसलं. व्हिम येत नाही म्हणून नॅनो घेतला, असं दिसायला तिला नको होतं. त्यापेक्षा येत नाही हे कबूल करणं बरं, असंही तिला एकदा वाटून गेलं.

रविवारी सकाळी तिनं शेवटची तालीम करायला घेतली. लिहिलं. एस्केप. हुकूम अक्षरं होऊन उमटला. तिनं खुर्ची मागं सरकवली आणि नुसती बघत बसली. बाहेर पाऊस आपल्या तालात पडत होता. माणसाला काही सुचेनासं झालं, की हात आपोआप आवराआवरीकडे वळतात. तिनं ओढणी कमरेला खोचली.

हेल्मेट खुंटीला गेलं. खडू डब्यात. मिक्सरचं भांडं चुलीकडे, अंगारा देव्हाऱ्यात. अंबूबाई आज नुसतेच ठेवून गेलेले दोन्ही फोन तिनं स्वतः नेऊन दिले आणि आज मशीन बंद आहे असं सांगून आली. तारा सोडवून एका बाजूला बांधल्या. टेबलाचं लाकूड दिसायला लागलं. सकुबाई दारात बसून शेवग्याचा पाला निवडत होत्या. त्यांची नजर सुनेच्या हाताबरोबर फिरत होती. हात कॉम्प्युटरच्या मागं गेला तशा त्या म्हणाल्या,

"माजं ताट बी काढतेस काय?"

हर्षालीचा हात थांबला. "नाय आई. राहू द्या. मी खालून पुसून घेते फक्त."

तिनं ताट जरा उचललं, खाली पुसलं, पुन्हा ठेवलं. मग कीबोर्ड घेतला. तो ओल्या फडक्यानं पुसता येत नाही, म्हणून दारापाशी नेऊन उलटा केला आणि पाठीवर थाप मारली.

राख पडली. मूठभर नाही, पण उंबऱ्यावर करडा थर बसावा एवढी. तिनं पुन्हा थाप मारली, पुन्हा राख. तिनं कीबोर्ड सरळ केला आणि एकेक बटण दाबून पाहू लागली. सगळी खाली जाऊन वर येत होती. कोपऱ्यातलं एस्केप मात्र एका कडेला कलून थांबत होतं, पुरतं खाली जातच नव्हतं. तिनं साडीची पिन आणली, कडेनं घातली आणि बटण वर उचकटलं. खाली, बरोबर मधोमध, एक चपटं बी बसलं होतं. करडं, राखेत घोळलेलं. काकडीचं.

ती उंबऱ्यातच बसली. बी तळहातावर घेऊन. आधी तिला काहीच वाटलं नाही. मग छातीत काहीतरी सैल होत गेलं, चिखलात रुतलेला पाय मोकळा होताना होतो तसं. बटण ती दाबत होती. रोज दाबत होती. मध्येच कधी तिरकं बोट पडलं, की ते लागायचं, म्हणून तर मधूनच जमायचं. तिनं बटण परत बसवलं, मशीन चालू केलं, व्हिम उघडला. लिहिलं. एस्केप. बाहेर आली. पुन्हा आत गेली, पुन्हा बाहेर आली. काही कारण नसताना आत-बाहेर करत राहिली.

सकुबाई पाला टाकून मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. हर्षालीनं त्यांना बी दाखवलं, बटण दाखवलं, थोडक्यात सांगितलं. त्यांनी बी चिमटीत धरून उजेडात पाहिलं.

"म्हंजे तुजे साहेब इतके दिवस तुला बोलत होते ते माज्या काकडीपायी?"

"बोलण्याचं काय नाय, आई. मला वाटायला लागलं होतं, माझ्यातच काय तरी कमी हाय."

"मला बी तेच वाटलेलं," सकुबाई म्हणाल्या.

 मग हर्षालीला हसू फुटलं आणि ते तिला आवरेना. सकुबाईंनी पदर तोंडाला लावला. त्याही हसत होत्या, पण डोळे पुसतही होत्या. मग त्यांनी स्वतःच ताट उचललं.

"ताट उचला म्हणायला काय तोंड दुखत होतं गो तुजं?"

"तुमी दिवसभर बारकीला बघता. वर मी तुमचं ताट काढायला सांगू?"

"बारकी काय शेजाऱ्याची हाय?" असं म्हणत त्या ताट घेऊन आत गेल्या. त्यांनी ते फ्रिजच्या माथ्यावर ठेवलं. तिथंही गरम लागतं, हे त्यांनी हात लावून आधीच पाहून ठेवलेलं होतं.  हर्षालीनं काही बोलावं एवढीच वाट होती.

दुपारभर हर्षाली व्हिमवर बसली. आता तो ऐकत होता. हाताला चटकन वळण लागलं आणि टीममधली जुनी माणसं त्याचं एवढं कौतुक का करतात तेही थोडं समजलं. पण रविवार असला तरी घर घरच होतं. बारकीनं खडू मागितला म्हणून ती उठली. दूध उतू जाईल म्हणून उठली. सर वाढली तसे ओटीवरचे कपडे आत घ्यायला उठली. आणि दर वेळी परत येऊन बसली, की आपण लिहिण्यात होतो की हुकमात, हे तिला आठवेना. न बघता तिनं टाइप करायला सुरुवात केली आणि डोळ्यांदेखत ओळी पुसल्या गेल्या. या खेपेला दोष बीचा नव्हता. तिचाही नव्हता. ज्याला एका जागी बसता येतं त्याच्यासाठी व्हिम होता, आणि तिला तसं बसता येत नव्हतं. यात लाज वाटावी असं काय होतं? सकाळपर्यंत ती वाटत होती. आता वाटेना.

तिनं नॅनो उघडला. लिहाल ते उमटतं, एवढीच त्याची रीत. मधूनच उठून गेलात तरी काही बिघडत नाही. पडद्याच्या तळाशी दोन ओळींत लिहिलेलं असतं, की जपून ठेवायला काय दाबायचं, बाहेर पडायला काय. दारात पाय पुसायला पोतं टाकलेलं असावं, तशा त्या दोन ओळी. तिनं सोमवारचा बदल त्यात करून पाहिला. मध्ये मुद्दाम उठून बारकीची वेणी घालून आली. ओळी होत्या तिथंच होत्या.

सोमवारी सकाळी पाऊस भरून आला होता. रेंज बारीक, सुदाम सरांचा आवाज तुटक. हर्षालीनं आधी मूळ फाइलीची एक प्रत बाजूला ठेवली. मग नॅनो उघडला. 

"नॅनो?" सर म्हणाले.

"हो, सर. व्हिम येतो आता मला. एस्केपखाली बी अडकलं होतं."

"काय अडकलं होतं?"

"बी. काकडीचं. सासूबाई कॉम्प्युटरच्या मागं बियाणं वाळवत होत्या."

 मग पलीकडून हसण्याचा आवाज आला, मोकळा, ऑफिसातला नसलेला. सर म्हणाले, त्यांची आई टीव्हीच्या डोक्यावर वाल वाळवायची, आणि एकदा मॅच चालू असताना आतून धूर आला होता. मग ते थांबले.

"हर्षाली, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर बोललो, ते..."

"राहू द्या, सर."

"नाय. मी बोलायला नको होतं. बरं, मग येतो तर व्हिम का नाही?"

तिनं उत्तर तयार केलं नव्हतं, तरी ते सरळ आलं. "घरात सारखं उठावं लागतं. यात परत आले की मी कुठं होते ते दिसतं."

 ती लिहू लागली. दुसरी ओळ अर्धी झाली असेल तोच आतून बारकीचं रडणं आलं, पडल्यासारखं, लागल्यासारखं. सकुबाई गोठ्यात होत्या. हर्षाली एक मिनिट म्हणून उठली. गुडघा खरचटला होता, फार नाही. तिनं फुंकर घातली, हळद लावली, कडेवर घेतलं आणि तशीच येऊन खुर्चीत बसली. एका हातानं पोर धरून दुसऱ्या हातानं तिनं राहिलेली ओळ पुरी केली. जपून ठेवलं. बाहेर पडली. सर्व्हरला नवी फाइल वाचायला सांगितली आणि थांबली. पडद्यावर, रेंजच्या सवडीनं, एकेक शब्द उमटत गेला. सगळं चालू होतं. पलीकडे गिऱ्हाइकाच्या वेबसाइटचं पानही उघडत होतं, सरांनी स्वतः उघडून पाहिलं.

"झालं," ते म्हणाले. "पुढच्या वेळी मला बोलावू नकोस."

हर्षालीनं विचारलं, "का, सर?"

"अगं, कशाला बोलावतेस? काम झालं की एक मेसेज टाक, बस. मी वर कळवतो, ठाण्याला यायच्या यादीत तुझं नाव नाही."

फोन बंद झाला. हर्षाली बारकीला मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. टेबल मोकळं होतं, त्यावर तिचे दोन हात आणि बारकीचा एक हात. पावसाचा आवाज होता, पण आता तो रेंजच्या हिशोबात ऐकावा लागत नव्हता.

सकुबाई गोठ्यातून आल्या. पाय धुतले, दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी सर्व्हरचं काही विचारलं नाही.

"ऱ्हातेस ना घरी?"

"राहते, आई."

त्यांनी मान हलवली, जणू हे त्यांना ठाऊकच होतं. मग चुलीकडे जाता जाता म्हणाल्या, की तव्यावर भाकरी टाकते, सकाळपासून तोंडात काय नाय घातलंस. हर्षालीला तेव्हा कळलं, की तिला खरोखरच भूक लागली आहे. ती बारकीला घेऊन चुलीपाशी जाऊन बसली आणि पहिली भाकरी संपायच्या आत तिनं दुसरी मागितली.